क्युअर वून्ड्सचा दुसरा फासा

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जखमी साथीदाराला हात लावून बरं करण्याचा एक मंत्र आहे, क्युअर वून्ड्स. २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे हा मंत्र म्हटला की आठ बाजूंचा एक फासा टाकायचा, त्यात मंत्र म्हणणाऱ्याच्या क्षमतेचा आकडा मिळवायचा आणि साथीदाराचे तेवढे प्राण भरून काढायचे. २०२४ च्या पुस्तकात एका फाशाचे दोन झाले. मंत्र जास्त उपयोगी झाला. त्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये हे आणि असेच मंत्र खेळाच्या संकेतस्थळावर सगळ्यांच्या पात्रांसाठी आपोआप बदलणार म्हणून एवढा गदारोळ उठला की खेळाची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिला जाहीर केलेला निर्णय काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

हे प्रकरण मी सविस्तर मांडतोय, कारण त्याबद्दल एक सोपं स्पष्टीकरण लगेच तयार झालं: जुन्या खेळाडूंना बदल नको असतो, त्यांना कागद-पेन्सिल सोडवत नाही. मला हे स्पष्टीकरण साफ चुकीचं वाटतं. त्या आठवड्यात जुने खेळाडू ज्यावर बोट ठेवत होते, ते नव्या खेळाडूंनाही उद्या भोवणार आहे.

पेन्सिलीचा खेळ

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, समोर काय दिसतंय ते सांगतो, राक्षसांपासून भटारखान्यातल्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडचं बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतंय ते सांगतात. जमलं की नाही हे फाशांवर ठरतं. पात्राची सगळी माहिती एका कागदावर असते, त्याला कॅरॅक्टर शीट म्हणतात. त्यावर प्राणांचा आकडा पेन्सिलीने लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. दोन-तीन वर्षं चाललेल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे त्याच पात्रांच्या एका सलग गोष्टीत, त्या चौकोनातला कागद खोडरबरने इतका झिजतो की उजेडात धरला तर आरपार दिसतं. ज्यांच्याकडे असं एखादं शीट जपून ठेवलेलं आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून निघाला. तीन पातळ पुस्तिका, एक खोका, पहिल्या खेपेला १००० प्रती. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीला वाचकाला सांगितलंय की काही अडलं तर तुम्हाला कसं हवं ते ठरवा आणि तसंच करा. पुढे विचारलंय, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची? माझ्या मते सगळ्या खेळाचा पाया या दोन वाक्यांत आहे. नियम कंपनी छापते, पण टेबलावर कोणता नियम चालणार हे टेबल ठरवतं.

आपल्याला हे समजायला जड नाही. मेंढीकोट प्रत्येक घरात थोडा वेगळा असतो. हुकूम कधी फोडायचा यावर मामाच्या गावी एक रीत आणि आत्याकडे दुसरी. "आमच्याकडे असंच खेळतात" एवढं म्हटलं की वाद संपतो. आता समजा, पत्त्यांच्या कॅटनेच रात्रीतून ठरवलं की उद्यापासून सगळ्या घरांत एकच रीत. ऑगस्ट २०२४ मध्ये साधारण हेच घडू घातलं होतं.

शीट ब्राउझरमध्ये जातं

डी अँड डी बियॉन्ड हे संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झालं. ते विझर्ड्सचं नव्हतं. कर्स नावाच्या कंपनीने विझर्ड्सकडून परवाना घेऊन बनवलं होतं. पुढे ते फँडम या दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि २०२२ मध्ये विझर्ड्सची पालक कंपनी हॅस्ब्रोने ते १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून घेतलं. म्हणजे पहिली पाच वर्षं नियम छापणारा एक आणि शीट सांभाळणारा दुसरा होता. २०२२ पासून दोन्ही एकाच हातात आले. या बदलाकडे तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही, आणि पुढच्या प्रकरणाची मुळं इथेच आहेत.

साधन म्हणून ते उत्तम होतं, आहे. पात्राचा वर्ग (जादूगार, पुरोहित वगैरे), पातळी, मंत्र निवडले की शीट आपोआप भरतं. बेरजा तेच करतं. मंत्राच्या नावावर बोट ठेवलं की नियम उघडतो, आकड्यावर टिचकी मारली की फासा पडतो. नव्या माणसाला दोन तास पुस्तक चाळावं लागत नाही. गटातल्या एकाने वरच्या दर्जाचं सबस्क्रिप्शन घेतलं, तर त्याने विकत घेतलेली पुस्तकं सगळ्या गटाला वाचता येतात.

आणि जुने खेळाडू यापासून लांब राहिले असंही नाही. उलट पडद्याने अनेकांना खेळ परत दिला. आमच्या गटात दोघे पुण्यात, एक नाशकात, एक न्यू जर्सीत. लॉकडाउनमध्ये आम्ही पडद्यावर खेळायला लागलो. आमची रविवार सकाळ, त्याची शनिवार रात्र. कॉलेजनंतर वीस वर्षं जे जमलं नव्हतं ते तेव्हा जमलं. गटातल्या सगळ्यात मोठ्या मित्राला छापील पुस्तकातली बारीक अक्षरं आता चष्मा लावूनही त्रास देतात. पडद्यावर अक्षर मोठं करता येतं म्हणून तो अजून जादूगार खेळू शकतो, आणि जादूगाराला वाचायला सगळ्यात जास्त लागतं. त्यामुळे "म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर नको" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. आक्षेप कशावर होता ते नीट ऐकलंच गेलं नाही.

ऑगस्ट २०२४

नवं नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, १७ सप्टेंबर २०२४ ला येणार होतं. संकेतस्थळाच्या सबस्क्रायबरना ते त्याआधीच मिळायचं होतं. त्या तयारीत ऑगस्टच्या उत्तरार्धात काय काय बदलणार याची एक सूचना प्रसिद्ध झाली. त्यात म्हटलं होतं की वर्ग आणि उपवर्ग जुने ठेवता येतील, विकत घेतलेली जुनी पुस्तकं वाचताही येतील. पण कॅरॅक्टर शीटवरचे मंत्र आणि जादूच्या वस्तू २०२४ च्या नियमांप्रमाणे होतील. ज्यांना जुना मंत्र हवा त्यांनी तो होमब्रू म्हणून, म्हणजे स्वतः रचलेला मंत्र म्हणून, हाताने नव्याने भरून घ्यावा.

वरवर पाहता बारीकसा तांत्रिक बदल. टेबलावर त्याचा अर्थ काय होता, ते दोन मंत्रांवरून सांगतो.

काउंटरस्पेल: शत्रू मंत्र म्हणतोय, तुम्ही मध्येच तो मोडता. २०१४ मध्ये शत्रूचा मंत्र तिसऱ्या पातळीचा किंवा त्याखालचा असेल तर तो मोडलाच. वरचा असेल तर तुमच्या फाशावर. २०२४ मध्ये शत्रू स्वतःच्या काटकपणावर फासा टाकतो, आणि त्यात तो टिकला तर मंत्र मोडत नाही. नवा नियम कदाचित जास्त न्याय्य असेल. पण जादूगार खेळणाऱ्याने त्या खात्रीच्या जोरावर तीन वर्षं डाव रचलेले असतात.

कॉन्ज्युअर ॲनिमल्स तर नाव तेवढं राहून मंत्र वेगळाच झाला. २०१४ मध्ये वनवासी ड्रुइड हा मंत्र म्हणायचा आणि आठ लांडगे खरोखर टेबलावर उतरायचे. प्रत्येकाची वेगळी चाल, प्रत्येकाचे वेगळे प्राण. डीएमच्या दृष्टीने ही डोकेदुखी, हे मान्य. आठ लांडग्यांची फेरी संपेपर्यंत चहा गार होतो. २०२४ मध्ये त्याऐवजी प्राण्यांच्या आत्म्यांचा एक कळप येतो, ड्रुइडबरोबर सरकतो, आणि जवळ येणाऱ्याला इजा करतो. सुटसुटीत आहे. पण ज्या खेळाडूने त्या लांडग्यांना नावं ठेवलीत, ज्याच्या गोष्टीत त्यातला एक लंगडा लांडगा दर वेळी परत येतो, त्याने एका सकाळी शीट उघडलं असतं आणि लांडगे नसते. डीएमने काही ठरवलेलं नाही, गटात कुणी काही बोललेलं नाही.

पुस्तकं वाचता येतील, हे कंपनीचं म्हणणं खरं होतं. पण जो वर्षानुवर्षं पडद्यावर खेळतोय त्याच्या दृष्टीने नियम शीटवर असतो. फासा तिथे पडतो, आकडा तिथून येतो. पुस्तकात एक फासा आणि शीटवर दोन, असं झालं की टेबलावर शीटच जिंकतं.

होमब्रूचा उपायही पाहण्यासारखा आहे. २०१४ च्या हँडबुकमध्ये साडेतीनशेहून जास्त मंत्र आहेत. ते एकेक करून टंकायचे, अंतर भरायचं, कालावधी भरायचा, पातळी वाढली की काय होतं ते भरायचं. हे काम कोण करणार? डीएम. आणि डिसेंबर २०२२ मध्ये याच कंपनीच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं होतं की डीएम मंडळी खेळणाऱ्यांत सुमारे २० टक्के, पण पैसे खर्च करणाऱ्यांत त्यांचा वाटा सगळ्यात मोठा. ज्याने पुस्तकं घेतली, ज्याने सबस्क्रिप्शन भरून ती गटाला वाटली, त्यालाच सांगितलं गेलं की तू विकत घेतलेलं आता तूच पुन्हा टाइप कर.

जुन्यांना काय आठवत होतं

एवढ्याशा सूचनेवर इतका राग का, असं नव्या खेळाडूंना वाटलं. इथे जुन्यांची आठवण कामाला आली.

खेळाच्या आवृत्त्या बदलणं त्यांना नवं नव्हतं. १९८९, २०००, २००८, २०१४: दर वेळी नवी पुस्तकं आली, दर वेळी भांडणं झाली, आणि ज्यांना नवं पटलं नाही ते जुन्यावर खेळत राहिले. १९७४ ची पुस्तिका आजही तेच सांगते जे तेव्हा सांगत होती. कपाटातल्या पुस्तकाला अपडेट येत नाही.

डिजिटल मालाचं मात्र वेगळं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. एप्रिल २००९ मध्ये विझर्ड्सने चोरीच्या प्रतींचं कारण देऊन जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ विकणं एकाएकी थांबवलं. आधी पैसे भरून घेतलेल्या फायली दुकानाच्या साइटवरून पुन्हा उतरवून घेण्याची सोयही तेव्हाच बंद पडली. अधिकृत पीडीएफ परत विकायला आल्या त्या २०१३ मध्ये.

मला त्याहून जास्त बोलकी वाटते ती चौथ्या, म्हणजे २००८ च्या, आवृत्तीच्या कॅरॅक्टर बिल्डरची गोष्ट. आधी तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा प्रोग्रॅम होता. चौथ्या आवृत्तीत एकेका पात्राच्या शक्ती इतक्या आणि त्यांची पुस्तकं इतकी, की त्या बिल्डरशिवाय पात्र बनवणं अनेकांना अशक्यच वाटायचं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्याची जागा ब्राउझरमधल्या बिल्डरने घेतली. तो मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर चालायचा. पुढे सिल्व्हरलाइटच मावळलं, आणि २०२० च्या सुरुवातीला चौथ्या आवृत्तीची ऑनलाइन साधनं कायमची बंद झाली. कुणी दुष्टपणा केला नव्हता. एक तंत्रज्ञान जुनं झालं, सर्व्हर चालवणं परवडेना. पण ज्यांचं टेबल अजून त्याच आवृत्तीवर खेळत होतं त्यांच्या हाताखालचं साधन गेलं, आणि ज्यांनी जुना उतरवलेला प्रोग्रॅम एखाद्या जुन्या लॅपटॉपवर जपला होता तेवढेच सुटले.

याच संकेतस्थळावरही एक घटना होऊन गेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये शुद्धिपत्र निघालं आणि व्होलोज गाइड या पुस्तकातले राक्षसांविषयीचे काही परिच्छेद वगळले गेले. ते वगळणं योग्य होतं का, हा निराळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं आहे. पण छापील प्रत ज्याच्याकडे होती त्याच्याकडे ते परिच्छेद राहिले, आणि डिजिटल प्रत घेणाऱ्याच्या पुस्तकातून ते गेले.

मग जानेवारी २०२३. सन २००० पासून इतर प्रकाशकांना या खेळाचे नियम वापरायची मुभा देणारं ओपन गेम लायसन्स रद्द करायचा कंपनीचा मसुदा फुटला. लोकांनी डी अँड डी बियॉन्डची सबस्क्रिप्शन्स रद्द करायला सुरुवात केली. शेवटी २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि २०१४ च्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचा खुला केला. त्या वादातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. माघारीआधी कंपनीने जो सुधारित मसुदा जाहीर केला, त्यासोबत पडद्यावरच्या टेबलांसाठीचं एक धोरण होतं. त्यात कंपनीनेच म्हटलं होतं की मॅजिक मिसाइल हा मारा करण्याचा मंत्र पडद्यावर सरसरत जाऊन शत्रूला लागताना दाखवलं, तर कल्पनेची जागा ॲनिमेशनने घेतली. मग तो टेबलावरचा खेळ राहिला नाही, व्हिडिओ गेम झाला. म्हणजे टेबल आणि पडदा यांत रेघ कुठे ओढायची हा प्रश्न कंपनीलाही पडला होता. तिने ती रेघ चित्रांपाशी ओढली. जुने खेळाडू ती दुसरीकडे ओढत होते: नियम कोण बदलतो, तिथे.

आणि २०२४ च्या उन्हाळ्यात, या प्रकरणाच्या काही महिने आधी, दुकानाची नवी मांडणी आली, तेव्हा एकच मंत्र किंवा एकच उपवर्ग सुटा विकत घेण्याची सोय गेली. हवं तर अख्खं पुस्तक घ्या. या सगळ्यानंतर मंत्र बदलण्याची सूचना आली.

कंपनीला काय अडलं असेल

सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यामुळे मला दुसरी बाजूही दिसते. मंत्र ही अशा यंत्रणेतली सगळ्यात गुंतलेली गोष्ट. एकाच क्युअर वून्ड्सकडे पुरोहिताची यादी बोट दाखवते, ड्रुइडची दाखवते, एखादी जादूची काठी दाखवते, कुठल्याशा राक्षसाच्या वर्णनातही त्याचं नाव असतं. एका नावाच्या दोन नोंदी ठेवल्या की प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, इथे कुठली? प्रत्येक चाचणी दुप्पट. अंतिम तारीख डोक्यावर असताना कुणीतरी म्हणालं असेल, मंत्र एकच ठेवू, जुनं ज्याला हवं तो करून घेईल. मला यात लोभापेक्षा घाई जास्त दिसते. नवं पुस्तक खपावं ही इच्छा असणारच, पण तेवढ्याने हा निर्णय उलगडत नाही.

घाईत एक गोष्ट मात्र सुटली, आणि ती बारीक नव्हती. २०२२ मध्ये नव्या नियमांची घोषणा करताना कंपनीने सांगितलं होतं की ते पाचव्या, म्हणजे २०१४ च्या, आवृत्तीच्या जुन्या पुस्तकांशी जुळतील. खेळाडूंनी त्याचा अर्थ घेतला, माझं चालू कॅम्पेन मोडणार नाही. डेटाबेसमध्ये जुन्या मंत्राला जागाच नसेल, तर ते वचन कागदावरच राहतं.

माघार, आणि तिच्या पलीकडे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं की या बदलाच्या परिणामाचा आपला अंदाज चुकला, आणि कसं खेळायचं हे निवडण्याचं स्वातंत्र्य खेळाडूंना असायला हवं. जुने मंत्र आणि वस्तू शीटवर राहिल्या, नावापुढे 'लेगसी' असा शिक्का घेऊन. माघार स्पष्ट शब्दांत होती, चूक कबूल केली होती, आणि त्याबद्दल मी कंपनीला श्रेय देतो. काही दिवसांपूर्वी ज्याची तयारी नव्हती, तेच काम शेवटी केलं गेलं.

पण तक्रारीचं मूळ त्याने सुटलं नाही. शीटवर काय राहील हे ऑगस्टमध्ये कंपनीनेच ठरवलं होतं आणि माघार घेतानाही तिनेच ठरवलं. मला खरा उपाय वेगळा वाटतो. कॅम्पेन सुरू होताना डीएमने आवृत्ती निवडावी, आणि डीएम स्वतः बदलत नाही तोवर यंत्रणेने तिला हात लावू नये. सॉफ्टवेअरवाल्यांना ही कल्पना परकी नाही. आपल्या प्रकल्पात कुठल्या लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडची, कुठली आवृत्ती लागते ते आपण रोज असंच बांधून ठेवतो. दुसरी गोष्ट, पात्र अशा फायलीत उतरवून घेता यावं जी संकेतस्थळ बंद पडल्यावरही दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल. छापण्यापुरती पीडीएफ म्हणजे तेवढं नव्हे.

काही गटांनी वाट पाहिली नाही. फाउंड्री नावाचं पडद्यावर खेळण्याचं एक साधन २०२० पासून आहे. एकदाच पैसे भरायचे आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचं. जी आवृत्ती ठेवाल ती तिथेच राहते. जुन्या खेळाडूंना त्याचं आकर्षण का, हे आता वेगळं सांगायला नको. तिथे २०१४ चा क्युअर वून्ड्स कायदेशीरपणे मिळतो, तोही जानेवारी २०२३ च्या भांडणामुळेच, कारण तो खुल्या केलेल्या गाभ्यात आहे. काउंटरस्पेल आहे, लांडग्यांचा कॉन्ज्युअर ॲनिमल्सही आहे. पण त्या गाभ्याबाहेर बरंच काही राहतं. २०१७ च्या पुस्तकातला टोल द डेड हा मंत्र त्यात नाही. तो ज्याने डी अँड डी बियॉन्डवर विकत घेतला, त्याचा तो मंत्र अजूनही त्या संकेतस्थळाच्या आयुष्याला बांधलेला आहे. आणि ते आयुष्य किती हे कुणाला सांगता येतं? याच कंपनीने वाजतगाजत दाखवलेलं सिजिल हे पडद्यावरचं त्रिमित टेबल २०२५ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं आणि मार्चमध्ये त्यावर काम करणाऱ्या ३० च्या आसपास लोकांना काढलं गेलं.

आमचा गट अजून पडद्यावरच खेळतो. ते सोडण्याचा विचार कुणाच्याही मनात नाही. सोडलं तर न्यू जर्सीचा मित्र सुटतो. त्या ऑगस्टनंतर आम्ही एवढंच केलं, की दर पातळी वाढल्यावर प्रत्येकाने आपलं शीट छापून ठेवायचं, आणि टेबलाचे नियम एका वहीत लिहायचे. वही नाशिकच्या मित्राकडे आहे. पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलंय: क्युअर वून्ड्स, दोन फासे. आम्ही नवा नियम घेतला. एका रविवारी सकाळी चौघांनी अर्धा तास बोलून तो घेतला. कॉन्ज्युअर ॲनिमल्सपुढे मात्र २०१४ लिहिलेलं आहे.